दगडाचा तेवढा नाय

मी पदवीधर झालो तो आमच्या गावच्या हेडमास्तरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मास्तरांनी वडिलांना भर बाजारात गाठून माझी शाळा चालू ठेवायला लावली. नागरिकशास्त्राचा एक तास ते तालुक्याच्या कोर्टात घ्यायचे. मागच्या बाकावर बसवून म्हणायचे, "इथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही. बघा, आणि घरी जाऊन सांगा."

ते सांगायची वेळ लालबागला आली. संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता. मी एका कचेरीत कारकून होतो आणि चाळीत एका मालवणी जोडप्याकडे, दादा-वहिनींकडे, राहायचो. दादा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. एका दुपारी पाळी संपवून येताना ते मोर्चात शिरले, घोषणा दिल्या. पुढे कुणीतरी दगड मारले, पळापळ झाली आणि पोलिसांनी हाताला लागले त्यांना गाडीत घातलं. दादा जामिनावर घरी आले. आरोप दोन: जमावबंदी मोडली, आणि पोलिसांवर दगड मारला.

कोर्टाने विचारल्यावर ताठ उभं राहून 'कबूल' म्हणायचं, अशी लढ्यातली रीत होती. बचाव करणं कमीपणाचं. बरोबर पकडलेल्या सगळ्यांनी तेच ठरवलं होतं. जमावबंदीपुरतं ते शोभतही होतं. पण दगडाची शिक्षा मोठी. ती झाली की गिरणीतून नाव कमी होणार. वहिनींना अन्न गोड लागत नव्हतं.

मी विचारलं, "दादा, दगड मारलात?"

"खुळो की काय रे बीए? एका हातात डबो, दुसऱ्या हातात छत्री. पायान मारू?"

"मग नाही म्हणा."

"सगळे कबूल म्हणतले आणि मी एकटोच नाय म्हणू? चाळीत तोंड खंय दाखवू?"

"नाय दाखवलात तरी चलात," स्टोव्हपुढून वहिनी म्हणाल्या. "घरात तरी ऱ्हवशात."

मी वकील नव्हतो. माझं ऐकून यांचं काही वाकडं झालं तर, या विचाराने कचेरीत आकडे चुकायला लागले. शेवटी रजा काढून मी दादांना त्यांच्या तारखेआधीच भोईवाड्याच्या कोर्टात नेलं.

दारात ते थबकले. "आमका आत सोडतले?"

आम्ही मागे बसलो. एक माणूस 'कबूल' म्हणाला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी शिक्षा लिहिली, शिपायाने पुढचं नाव पुकारलं. पुरावा कुणी मागितलाच नाही. मग मारामारीच्या आरोपावरून एक कोळीण उभी राहिली. "नाय केलं मी," ती ठणकावून म्हणाली. आता साहेब भडकणार म्हणून दादांनी मान खाली घातली. साहेबांनी नुसतं लिहून घेतलं आणि पोलिसांना साक्षीदार आणायला सांगितलं.

"म्हणजे आता त्येंनी दाखवूचा?" दादा कुजबुजले.

"हो. तिने काही सिद्ध करायचं नाही. आणि दोन आरोप असले तर दोन वेगळी उत्तरं देता येतात."

दुसऱ्या दिवशी दादा डबा घेऊन पाळीला गेले.

तारखेला मागच्या बाकावर मी आणि वहिनी. एकेक जण दोन्ही आरोप कबूल करत गेला. दादांना दुभाष्याने आरोप मराठीत वाचून दाखवले. दादांनी मागे आमच्याकडे बघितलं. दुभाष्याने पुन्हा विचारलं. वहिनींनी माझी बाही घट्ट धरली.

"जमावबंदी मोडली, कबूल," दादा म्हणाले. "दगडाचा तेवढा नाय."

रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. साहेब लिहीत राहिले.

दगडाच्या आरोपाचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी गावी पत्र टाकलं:

"मास्तर, नमस्कार. आज आमचे दादा दगडातून सुटले. फुकट उभ्या राहिलेल्या एका वकिलांनी हवालदाराला विचारलं, दगड मारताना याच्या हातातला डबा आणि छत्री कुठे होती? त्याला सांगता आलं नाही. जमावबंदीचा दंड झाला, तो दादा मिरवतात. गिरणी चालू आहे. चाळीत त्यांना 'अर्धा कबूल' म्हणून चिडवतात, तेही हसतात. पण बाकीचे आत आहेत. त्यातला एकजण दगड पडले तेव्हा पानाच्या गादीशी उभा होता, असं त्याची आई म्हणते. त्यानेही दगड कबूल केलाय. उद्या तिला त्या वकिलांकडे नेतो. एकदा कबूल म्हटल्यावर काय करता येतं, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर उलट टपाली कळवा."