अ‍ॅडलेडच्या धक्क्यावर कोण होतं

इंग्लंडमध्ये रीडिंगला नोकरी लागली तेव्हा मी एका घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. घरमालक साठी ओलांडलेले, एकटे, पियानो ट्यून करून पोट भरणारे गृहस्थ. जन्म इंग्लंडचा, वाढले ऑस्ट्रेलियात, आणि आता पुन्हा इंग्लंडात. तुम्ही नेमके कुठले, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर म्हणाले, "अजून ठरायचंय."

साठच्या दशकात ते एका ऑस्ट्रेलियन रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. रविवारी दुपारी मी खाली इस्त्री करत असले की ते सगळं सांगत. अ‍ॅडलेडला इंग्लंडहून गेलेल्या कुटुंबांसाठी पत्र्याच्या बराकी होत्या. तिथल्या चार पोरांनी बँड काढला. आधी नुसत्या गिटारी आणि ड्रम, गाणं नाहीच. मग गायक हवासा वाटू लागला. गायक आला, तर चौघांतला ज्याची ही मूळ कल्पना तोच रुसून निघून गेला. त्याच्या जागी दुसरा. पुढे ड्रमरला सक्तीच्या लष्करभरतीत बोलावणं आलं, तिथेही नवा माणूस. कोण गेला, कोण राहिला, माझा दर वेळी गोंधळ व्हायचा. मी विचारलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

शेवट मात्र कधी बदलला नाही. बँडने लंडन गाठायचं ठरवलं. बोटीवर वाजवायचं, त्या बदल्यात प्रवास फुकट. बाकीचे मेलबर्नला चढले. यांची आई आजारी होती म्हणून हे अ‍ॅडलेडला घरी आलेले; बोट तिथे थांबायची, तिथून चढणार होते. धक्क्यावर ही गर्दी, लोक कागदी फिती फेकतायत, यांचं तिकीट मॅनेजरकडे, आणि वर बोटीच्या कठड्याशी एकही ओळखीचा चेहरा नाही. "ते मला सोडून गेले," असं घरमालक अगदी शांतपणे सांगत. त्या बँडचं एक गाणं पुढे लंडनमध्ये गाजलं. त्यात बेस दुसऱ्याचा होता.

मग एका वसंतात कळलं, तोच बँड लंडनमधल्या ईलिंगच्या एका हॉलमध्ये वाजवणार आहे. ते म्हणाले, सोबत येशील का? आम्ही ट्रेनने गेलो. स्टेजवर जुना म्हणून फक्त तो गायक होता. बाकीचे चौघे माझ्या वयाचे. मग याला तोच बँड का म्हणायचं, हे मला कळेना. शेजारच्या खुर्चीतल्या बाई मात्र डोळे पुसत होत्या.

कार्यक्रमानंतर गायक टेबलाशी बसून सह्या देत होता. आमचे घरमालक पुढे झाले. गायक त्यांच्याकडे बघत राहिला, उठला आणि त्याने त्यांना मिठीच मारली. म्हणाला, लष्करातून धड परत आलास तर! त्याला ते जुने ड्रमर वाटले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात घरमालकांनी माझ्या कोपराला हात लावला.

"तू गेल्यावर फार हाल झाले," गायक सांगू लागला. "तो बेसवाला आठवतो? अ‍ॅडलेडला आलाच नाही. मी कठड्याशी उभा राहून हाका मारत होतो. शेवटी बोटीच्या स्वतःच्या वाद्यवृंदातला एक माणूस उसना घेतला."

"खरंच हाका मारल्यास?" एवढंच त्यांनी विचारलं.

"घसा बसेपर्यंत."

 परतीच्या ट्रेनमध्ये ते म्हणाले, "मी तिथेच होतो." मी म्हटलं, गर्दी होती, कदाचित तुम्ही धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला असाल. असेल, म्हणाले. किंवा तो खोटं बोलत असेल. किंवा मॅनेजरने दोघांना दोन गोष्टी सांगितल्या असतील.

"मग इतकी वर्षं मी कोणावर चिडलो होतो?"



काही आठवड्यांनी त्यांनी हॉलवाल्यांकडून नंबर मिळवला आणि गायकाला फोन करून आपण कोण ते सांगितलं. तो आधी फसवलं म्हणून चिडला, आणि पुढच्या शनिवारी चहाला आला. हे म्हणत बोट संध्याकाळी सुटली, तो म्हणे सकाळी. हे म्हणत ऊन होतं, तो म्हणे पाऊस. दोघं भांडत नव्हते. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. आणि मध्येच थांबून दोघंही माझ्याकडे बघायचे, जणू तिथे मीच हजर होते.