वाऱ्याची बोटं

गळ्यात बोथट टोकाची कात्री अडकवून फिरणाऱ्या तिसरीच्या बाईंना सगळी शाळा कात्रीबाईच म्हणायची. त्या रागीट म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि ते खोटंही नव्हतं. मात्र बावीस वर्षांत पोरांवर त्या क्वचितच चिडल्या. त्यांचा राग नेहमी वरच्या खुर्च्यांकडे जायचा, आणि तिथे तो महागात पडतो.

शाळेला दहा टॅब मिळाले, तेव्हा मुख्याध्यापकांनी ते कपाटात कुलूपबंद करून टाकले. वरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही, पाहुणे आले की नव्यासारखे दिसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मग भिंतीवर टॅबची चित्रंच का काढून घेतली नाहीत, असं बाईंनी तोंडावर विचारलं. तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत त्या किल्लीसाठी दारात उभ्या राहिल्या. शेवटी ब्याद टळो म्हणून सरांनी टॅब काढून दिला. एकच.

त्या एका टॅबवर बत्तीस पोरांनी सिनेमा केला. मातीची गोगलगाय, खोक्याच्या पुठ्ठ्याची भिंत. गोगलगाय नखभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा नखभर. असे सहाशे फोटो. सगळे जोडून पाहिले, तर जागोजागी पोरांची बोटं आलेली. एकाने हात मागे घ्यायच्या आत दुसऱ्याने बटण दाबलं होतं. वर्गाचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा काढू, असं बाई म्हणत होत्या, तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आलं, "बाई, तो वारा आहे."

बोलली ती कुजबूज. नाव पोरांनीच पाडलेलं, कारण दोन वर्षांत तिचा आवाज शेजारणीच्या कानापलीकडे गेला नव्हता. झालं, गोष्टच बदलली. भिंत चढणाऱ्या गोगलगायीला वारा कधी ढकलतो, कधी अलगद सावरून धरतो. गोष्ट सांगायचीही कुजबुजीनेच, असा पोरांनी हुकूम काढला. खेळाच्या गाद्यांच्या कपाटात गोंगाट पोचत नाही, म्हणून तिला टॅबसकट तिथे बसवलं आणि बाई दाराला पाठ लावून बाहेर बसल्या. अकराव्या खेपेला आतून खणखणीत आवाज आला, आणि मध्येच किणकिण नको म्हणून बाईंनी गळ्यातली कात्री घट्ट धरून ठेवली.

पालकसभेला सिनेमा दाखवायचं ठरलं. कुजबुजीची आई शिवणाच्या कारखान्यात कामाला. लेकीने हट्टच धरला, म्हणून तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोरगी शाळेत बोलते यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

दोन दिवस आधी सरांनी बाईंना बोलावलं. त्यांनी सिनेमा व्हिडिओच्या दुकानातून 'नीट करून' घेतला होता. बोटं पुसलेली, आणि पोरीच्या आवाजाच्या जागी जाहिरातीतल्यासारखा गोड बायकी आवाज. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं काढली तर गोष्ट कुठे उरली, असं त्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं. मोठे लोक येणार, शाळेचं हसं व्हायला नको, असं सर समजावत राहिले. अर्ध्या तासाने ते वैतागून म्हणाले, बरं, बघतो. बाईंनी तो होकार धरला. बावीस वर्षं नोकरी करूनही त्यांची एवढी चूक झाली.

सभेच्या दिवशी पडद्यावर गोगलगाय आली. आपोआप सरकणारी, गुळगुळीत. तिसरीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुजबूज आईच्या मांडीवर रेलून, ओठ हलवत, आपल्या पहिल्या वाक्याची वाट बघत होती. आणि पडद्यातून भलत्याच बाईचा आवाज आला. पोरीचे ओठ तसेच उघडे राहिले. आईने वाकून काहीतरी विचारलं. पोरीने नुसती मान हलवली, नाही.

कात्रीबाई उठल्या. पाहुण्यांच्या रांगेसमोरून सरळ चालत जाऊन त्यांनी प्रोजेक्टरची तार उपटली.

"बाई, काय करताय?" सर दात आवळून म्हणाले.

"चोरीचा माल बंद करतेय."

"तमाशा नकोय इथे."

"तमाशा तुम्ही विकत आणलात. पोरांनी सिनेमा केलाय, तो बघा."

वर्गातला टॅब त्यांच्या पिशवीतच होता. तो जोडताना तार दोनदा सुटली. मग पडद्यावर मळकी, नखं वाढलेली बोटं आली, आणि सभागृहभर आवाज घुमला, "एकदा वारा आला, पण तो वाईट नव्हता."

कुजबुजीच्या आईने लेकीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि कारखान्यात चिरा पडलेला तळवा तोंडावर दाबून धरला.

चौथ्या दिवशी बाईंना खुलासा मागणारं पत्र मिळालं. टॅब परत कपाटात गेला, वर नवं प्लास्टिक चढवून. माफीची दोन वाक्यं लिहा नि मिटवा, असं शिक्षकखोलीत सगळ्यांनी सुचवलं. नवऱ्यानेही तेच सांगितलं, पगारवाढ अडकेल म्हणून.

बाईंनी कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: "तार मी काढली. पोरीचा आवाज पुन्हा पुसलात, तर पुन्हा काढीन." खाली सही केली आणि कागद नेऊन सरांच्या हातात दिला.