उणे पाच

सुनेत्राला एखादी गोष्ट हवी असली की ती मागायची नाही, घडवून आणायची. नवऱ्याने मीठ कमी खावं असं वाटलं की मिठाची बरणी सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसे. अकरा वर्षांच्या उर्वीने स्वेटर घालावा म्हणून ती घराचं तापमान गुपचूप दोन अंशांनी उतरवी. बोलून वाईटपणा कशाला घ्यायचा? अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनो गावातल्या त्या घरात बारा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे तिला स्वतःची ही पद्धत फार शहाणपणाची वाटत असे. नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली होती. एका कंपनीत ती टेस्टिंग करायची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोटी नावं, खोटे पत्ते देऊन युजर बनवायचे, त्यांच्याकरवी नाही नाही ते उद्योग करवायचे आणि काय मोडतं ते पाहायचं. सकाळी जन्माला घातलेली दहा-पंधरा माणसं ती संध्याकाळी पुसून टाकी आणि गाडीत बसून घरी येई.

ऑक्टोबर २००६मध्ये तिचे सासरे दिगंबरराव नागपूरहून कायमचे राहायला आले. 'कायमचे' हा शब्द तिच्या नवऱ्याचा, अरुणचा. दिगंबररावांनी तो उच्चारला नव्हता. बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलेला, सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस. पत्नी मालिनीबाई गेल्यावर ते एकटे राहात होते. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत चार तास तसेच पडून राहिले. अरुण घाबरून गेला, घराला कुलूप लावून वडिलांना घेऊन आला. किल्ली मात्र दिगंबररावांनी स्वतःच्या पाकिटात ठेवली.

प्लेनोत त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या आठवड्यात ते पायी फिरायला निघाले तर दोन गाड्या थांबल्या आणि 'काही मदत हवी का' असं इंग्रजीत विचारून गेल्या. या गावात चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, अशीच लोकांची समजूत. मग अरुणने त्यांना कॉम्प्युटरवर 'पडवी' नावाचं संकेतस्थळ लावून दिलं. जगभरची मराठी माणसं तिथे जमत, पाककृतीपासून राजकारणापर्यंत वाद घालत. दिगंबरराव एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले आणि आठवडाभरात त्यांचा पहिला लेख पडला: 'नळाला पाणी किती दाबाने यावे?'

घरात त्यांचं आणि सुनेत्राचं बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्या का आणि भाजीत तिखट चालेल का, एवढंच. ती चहा ठेवायची आणि निघून जायची. पण घर बदललं होतं. संध्याकाळी तिची गाडी आत आली की खुर्चीतून आवाज यायचा, "आलीस?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिचे वडील ती नऊ वर्षांची असताना गेले होते. सगळ्यांना इंग्रजीत उत्तरं देणारी उर्वी आजोबांशी मात्र मोडक्यातोडक्या मराठीत कडाकडा भांडायची. सुनेत्राला आतून भरून यायचं. त्यातलं अवाक्षरही तिने कुणाला सांगितलं नाही. सांगेल तर ती सुनेत्रा कसली!

जानेवारीत पडवीवर नवी सोय आली. प्रत्येक लिखाणाखाली अधिक आणि उणे अशी दोन बटणं, आणि शेजारी पिवळ्या चेहऱ्यांची रांग. बेरीज उणे पाचवर गेली की लिखाण मिटायचं आणि त्याजागी एक करडी ओळ उरायची: 'वाचकांच्या मतानुसार मिटवले आहे. वाचायचे असल्यास येथे टिचकी मारा.' कुणी उणे दिलं ते कळायची सोय नव्हती. समोरासमोर बसल्यावर पोह्यांचं तोंडभर कौतुक करणारी आपली माणसं, त्यांच्या हाती हे बटण आल्यावर काय व्हायचं ते झालं.

दिगंबररावांचं लिखाण लांबलचक आणि थोडं उपदेशाच्या अंगाचं. त्यांच्या लेखांखाली जांभई देणारे चेहरे उमटू लागले. ते पाहून ते खुशीत म्हणाले, "बघ नं, लोक आ वासून वाचून राहिले!" सुनेत्राने मान हलवली. चेहऱ्यांचं असं सांभाळून नेता आलं. पण उणे म्हणजे काय हे पाण्याचे दाब मोजणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा तिसरा लेख मिटला त्या दिवशी ते गुडघ्यांवर हात ठेवून नुसतेच त्या करड्या ओळीकडे पाहात बसले.

"टिचकी मारली की उघडतो, बाबा," ती म्हणाली.

"असू दे. लोकांनी मिटवलं म्हणजे मिटवलं. आपण बळजबरीने उघडू नये." आणि त्या दिवसापासून ते दुसऱ्यांचंही मिटलेलं काही उघडेनात. लोकमताचा मान राखायचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उकळी येईपर्यंत सुनेत्राने सुलेखा जन्माला घातली. सुलेखा, बफेलो, गृहिणी, आवड वाचन. सुलेखाने अधिक दिलं आणि उणे पाचचं उणे चार झालं. लेख उघडला. दिगंबररावांनी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग पुढच्या लेखाला यामिनी आली, मग अबोली, मग सत्यजित, मग प्रथमेश. पाच माणसं झाली. रोजच्या कामाचाच भाग होता तो, फक्त संध्याकाळी ती पुसायची नव्हती. एका म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय, तर त्यात कुणाचं नुकसान होतंय, असं ती स्वतःला विचारी आणि स्वतःच उत्तर देई.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी दिगंबररावांनी नवा विषय मांडला. 'एका स्नेह्यांचा प्रश्न.' स्नेही एकाहत्तर वर्षांचे. मुलाकडे अमेरिकेत आले आहेत. मुलगा चांगला आहे, सून कर्तव्याला चुकत नाही. पण तिथल्या घरी परतावं की इथेच राहावं, हे ठरत नाही. तिथला शेजारी घर विकत मागतो आहे आणि मे अखेर उत्तर हवं आहे. घरात विचारलं तर ती भिडेपोटी 'राहा'च म्हणतील, म्हणून परक्यांचं निःपक्षपाती मत हवं आहे.

सुनेत्राने ते ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच मिटून ठेवला. 'कर्तव्याला चुकत नाही.' तिला ते शब्द लागले. पण त्याहून मोठी होती ती भीती. हा माणूस जाणार. न्हाणीघरात पुन्हा पडणार. आणि इथे खुर्ची रिकामी राहणार.

त्या रात्री जेवताना तिने अरुणला नुसतं सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "बाबांना प्रेशर नको यार. त्यांचं त्यांना डिसाइड करू दे." झालं, विषय संपला. सासऱ्यांच्या खोलीच्या दारात जाऊन 'बाबा, राहा' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. दुसऱ्या सकाळी ती चहा घेऊन गेलीही. कप ठेवला, "साखर कमीच घातलीय," म्हणाली आणि परत आली.

तोवर उत्तरं येऊ लागली होती. पहिलंच ह्यूस्टनच्या एका डॉक्टरीणबाईंचं होतं, प्रतिमा नावाच्या. 'स्नेह्यांना सांगा, परत जा. माझ्या वडिलांना मी सहा वर्षं ठेवून घेतलं. ते सुरक्षित होते, पण शेवटी शेवटी खिडकीशी बसून गाड्यांचे नंबर वाचायचे. मी त्यांना पडण्यापासून वाचवलं आणि बाकी सगळ्यापासून तोडलं.' सुनेत्राने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही. मग सुलेखाने उणे दिलं. यामिनीने, अबोलीने, सत्यजितने, प्रथमेशने दिलं. दहा मिनिटांत डॉक्टरीणबाईंच्या जागी करडी ओळ आली.

एकदा मिटलेलं उघडायला सहसा कुणी जात नाही, हे तिने तीन महिन्यांत पाहून ठेवलं होतं. पुढचे चार दिवस ती पहाटे उठून नवं काय आलं ते पाहात राहिली. 'परत जा' म्हणणारी आणखी पाच उत्तरं तिने कुणी वाचायच्या आत मिटवली. 'राहा' म्हणणारी दोनच होती, त्यांना पाच-पाच अधिक दिले. तिसरं सुलेखाने स्वतः लिहिलं: 'घरच्यांना ते हवे असतील. सगळ्यांना बोलून दाखवता येत नाही.' ते लिहिताना सुनेत्राचे डोळे भरून आले. या साऱ्या प्रकारात तेवढंच एक वाक्य खरं होतं, आणि त्याखाली बफेलोच्या बाईचं नाव होतं.

रविवारी नाश्त्याला दिगंबरराव म्हणाले, "मी एक विचारलं होतं लोकांना. बहुमत पडलं, राहावं म्हणून. विरोधातलं सगळं मिटलं." मग त्यांनी पाकिटातून घराची किल्ली काढून अरुणपुढे ठेवली. "नागपूरला पुतण्याला पाठव. शेजाऱ्यांना म्हणावं, घ्या घर."

अरुणला आनंद झाला. सुनेत्राने उपमा वाढला. आपल्याला सुटल्यासारखं वाटेल अशी तिची कल्पना होती, पण तिची नजर अरुणपुढच्या त्या किल्लीवरून हटेना. मे महिन्यात पुतण्याने कागदपत्रं करून दिली आणि नागपूरचं घर शेजाऱ्यांचं झालं.

जूनमध्ये पडवीचे एक चालक, जर्सी सिटीतले प्रल्हाद नावाचे गृहस्थ, यांची सूचना झळकली. प्रतिमाबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. दहा मिनिटांत पाच उणे पडतात कसे, असा त्यांचा सवाल होता. प्रल्हादनी तपासलं तर एकाच घरच्या इंटरनेट जोडणीवरून सहा आयडी चालत होते. नाव त्यांनी चारचौघांत घेतलं नाही, दिगंबररावांना खाजगीत कळवलं. खोटी पाच माणसं काढून टाकली आणि त्यांची सगळी मतंही काढली.

शनिवारी दुपारी सुनेत्रा वाणसामान घेऊन आली तर सासरे कॉम्प्युटरसमोर होते. पडद्यावर तोच एप्रिलमधला विषय होता. उणे पुसले गेल्यामुळे मिटलेली सहाही उत्तरं आपोआप उघडली होती. सुलेखाचं उत्तर दिसत नव्हतं. सुनेत्राच्या हातातल्या पिशव्या हातातच राहिल्या.

"बस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "अरुण पडवी उघडत नाही. उर्वीला मराठी टाइप होत नाही."

"बाबा, मी..."

"थांब. वाचू दे." त्यांनी प्रतिमाबाईंचं उत्तर मोठ्याने वाचलं, सावकाश, गाड्यांच्या नंबरांपर्यंत. मग दुसरं. तिसऱ्याच्या मध्यावर ते थांबले. "चांगली माणसं आहेत. विचार करून लिहिलंय. मी म्हणत होतो, लोकांनीच मिटवलं." मग खुर्ची तिच्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "कशाला केलंस हे?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

"म्हणजे उर्वी शाळेतून आली की घरात कुणी असावं म्हणून?"

"नाही!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की तिची तीच दचकली. "उर्वीसाठी नाही. मला हवे होतात तुम्ही. मला."

दिगंबररावांनी तिच्याकडे पाहिलं. प्रोग्रॅममधली चूक सापडावी तसं तिला त्या चेहऱ्यावर दिसलं की ही गोष्ट त्यांना आज, आत्ता, पहिल्यांदा कळते आहे.

"मला वाटायचं, तुला माझी अडचण होते," ते म्हणाले. "चहा ठेवून उभीसुद्धा राहात नव्हतीस. म्हणून तर परक्यांना विचारलं नं मी. घरात विचारायची लाज वाटली." त्यांनी चष्मा काढला. "पाच माणसं उभी केलीस माझ्यासाठी. अगं, तू एकटीने एकदा म्हटलं असतंस, बाबा राहा, तर तो प्रश्न मी लिहिलाच नसता. आनंदाने राहिलो असतो."

सुनेत्राने पिशव्या खाली ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी मागायला उभी राहिली होती.

"मग आता म्हणते, बाबा. राहा."

"आता?" दिगंबररावांनी पडद्यावरच्या सहा उत्तरांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "आता तू म्हणालीस काय आणि न म्हणालीस काय. आता मला जायला जागा कुठं आहे?"