खोकला न्हाय, ठसका हाय

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून माझ्या आईनं मला बी. कॉम. केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वखारीतला खकाणा, म्हणजे तंबाखूची उडती धूळ, तिच्या छातीत कायमची बसलेली, पण आमच्या गल्लीत त्याला कुणी खोकला म्हणत नाही. खोकला म्हणजे दुखणं. खकाण्यानं येतो तो ठसका, आणि ठसका घेऊन बायका रोज कामाला जातात.

कोरोनाच्या दिवसांत बेळगावात माझा नुसता घसा खवखवला. टिळकवाडीतल्या ऑफिसातल्या साहेबांनी लगेच तपासणीला पाठवलं. मी पॉझिटिव्ह निघालो, खोलीतच राहिलो, बरा झालो आणि रजा घेऊन घरी आलो.

आई उंबऱ्यात बसली होती. घरोघरी कोरोनाची चौकशी करत आरोग्य खात्याची आशाताई आली, आमच्या गल्लीतलीच.

"आक्का, खोकला हाय का? केम्मु?"

"खोकला बी न्हाय, केम्मु बी न्हाय. कन्नडात इचारलंस म्हणून येतोय व्हय?"

शेजारणी हसल्या. आईही हसली आणि हसता हसता वाकून खोकू लागली.

"मग ह्यो काय?"

"ह्यो ठसका गं. तुझी आई न्हाय का ठसकत?"

आशाताईनं मान हलवली. तिची आईही वखारीतलीच. मलाही त्या उत्तरात काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून तो आवाज ऐकतच मी झोपत आलो होतो.

मी नुकताच आजारातून उठलेला, म्हणून तिनं माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. माझं ठीक होतं.

"माझं बी लाव की," आई म्हणाली, "बघू तर."

आकडा बघून आशाताईनं यंत्र झटकलं. आईचं तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट पदरानं पुसलं आणि पुन्हा लावलं. मग ते दुसऱ्या बोटाला लावलं. मग परत माझ्या. माझं ठीकच होतं. तेव्हा कुठं कळलं, यंत्रात बिघाड नव्हता. आई आमच्या तोंडाकडं बघत विचारत होती, "काय झालं रं?"

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून?"

ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून आई म्हणाली, "न्हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मी जन्मायच्या आधीपासून," मी म्हणालो.

त्यांचा लिहिता हात थांबला. स्वतःच्या तोंडून ते वाक्य ऐकलं तेव्हा मला कळलं. मी घसा खवखवल्याबरोबर सापडलो, कारण माझं खवखवणं ऑफिसात कुणाला तरी वेगळं वाटलं. तिच्या ठसक्यात वेगळं काही आहे हे गल्लीत कुणाला ऐकू येणार होतं?

आई वाचली. मास्क निघाला त्या दिवशी तिनं माझा फोन मागून घेतला आणि वखारीत शेजारी चाळायला बसणाऱ्या मैत्रिणीला लावला. स्पीकर चालू होता.

"खोकला हाय का गं?"

"न्हाय."

"ठसका?"

"त्यो हायच की. नवं काय त्यात?"

आईला धाप लागली होती.

"आत्ता उठ. आशाताईकडं जाऊन बोट दाव."

पलीकडून हसू आलं, आणि त्याच्यामागून ठसका. आई फोन कानाशी धरून तो शेवटपर्यंत ऐकत राहिली.