अंगठ्याची चौकट

साल २००७. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावरची दिपा राठोड सोमवारपासून कॉलेजचा ऑनलाइन लेखनवर्ग करणार होती, तोही हिंगोलीच्या नेट कॅफेत, कॉम्प्युटरवर. वर्षाचा अभ्यास सहा आठवड्यांत उरकायचा, दर आठवड्याला तीन निबंध. सरावाला तिने ‘माझी ओळख’ हा विषय घेतला आणि डोकंच चालेना. चार कागद फाडले, दोनदा चुलीवर चहा ठेवून विसरली.

“काहून जीव जाळून राहिलीस?” आई मिराबाई म्हणाली. “साऱ्या तांड्याचे अर्ज तूच लिहितीस की!”

तिथंच तर घोडं अडलं होतं! रेशनकार्डापासून बोअरवेलपर्यंत, दहा वर्षं ती दुसऱ्यांच्या नावानं ‘मी’ लिहीत आली होती. स्वतःचा ‘मी’ कुठून काढायचा? दिपा चिडली आणि त्या तिरमिरीतच तिने पान भरून टाकलं.

मिराबाईने कागद उचलला. तिला वाचता येत नव्हतं, पण तळाची रिकामी चौकट तिने बराबर ओळखली. तांड्याच्या प्रत्येक अर्जावर दिपा अंगठ्यासाठी अशीच चौकट आखायची. आजही हाताच्या सवयीनं आखली होती.

“कोणाचा अंगठा घ्यायचा राहिला गं?”

“कोणाचाच न्हाई,” म्हणत दिपाने कागद ओढून घेतला आणि चौकटीत मावणार नाही एवढी मोठी सही ठोकली.