नंबर तोच, कार्ड दुसरंच

एकाच नंबराखाली दोन वेगळ्या वस्तू विकणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

डब्लिनजवळ ल्यूकनच्या घरात माझ्या टेबलाखाली डेस्कटॉप होता. त्यातलं ग्राफिक्स कार्ड जुनं, विटेएवढं जड, पण कामाला वाघ. डब्लिनला येऊन मी आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी घेतली ती त्याच्याच जिवावर. अजून न बांधलेल्या इमारतींमधून फिरवून आणणाऱ्या छोट्या फिल्म्स मी त्याच्यावर करायची. मग जुलै आला. इथे शिकाऊ डॉक्टरांची दर सहा महिन्यांनी उचलबांगडी होते. माझ्या नवऱ्याची पार पश्चिम टोकाला, कासलबारला झाली. गाडी एक आणि सामान डोंगरभर, तेव्हा डेस्कटॉप विकून लॅपटॉप घे, हलवायला सोपा, असं त्याने सुचवलं. मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांचं एकच म्हणणं, कार्डाचा मॉडेल नंबर तोच असला की झालं.

मी नंबर पाहिला. मेमरीही पाहिली. दोन्ही जुळलं, म्हणून डेस्कटॉप विकून टाकला. पुण्यात मागच्या पिढीचा माल दुकानदार स्वस्तात काढून टाकत होते आणि सासूबाई आमच्याकडे यायच्याच होत्या. तिकडून येणाऱ्याच्या हाती लॅपटॉप द्यायचा, हा आमच्यातला अलिखित कायदा. त्यांनी भाजणी मोठ्या बॅगेत टाकली आणि लॅपटॉप अख्खा प्रवास मांडीवर धरून आणला.

सप्टेंबरात डब्लिनच्या एका फर्मने चाचणी म्हणून एका वाचनालयाची फिल्म मागितली. आवडली तर घरून करायची, कायमची नोकरी. म्हणजे नवऱ्याची बदली कुठेही झाली तरी माझं काम माझ्याबरोबर येणार होतं. पदवी घेऊन दोन वर्षं झाली होती. मला ती नोकरी फार हवी होती.

एकेक चित्र करून पाहिलं, तेव्हा लॅपटॉप नीट चालला. अख्खी फिल्म तयार व्हायला डेस्कटॉपवर सात तास लागले असते. शुक्रवारी सकाळी आठला लावली, पाचपर्यंत पाठवायची होती. तासाभरात लॅपटॉपचा पंखा किंचाळायला लागला. मी खाली दोन पुस्तकं सरकवली, खिडकी उघडली. बाहेरचा ओला वारा घरात शिरला. सासूबाई शाल पांघरून शेजारी बसल्या आणि पुठ्ठ्याने त्या यंत्राला वारा घालू लागल्या. पाच वाजले तेव्हा फिल्म अर्ध्याच्या थोडी पुढे होती. फर्मचं उत्तर गोड होतं, नो वरीज, पण दुसऱ्या कुणाची वेळेत आली आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पानावर अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं. माझं जुनं कार्ड दोनशेवीस वॅट वीज खायचं, याला जेमतेम ऐंशी मिळत होते. आतलं कार्डही वेगळंच, कमी ताकदीचं. फक्त नंबर तोच. ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं की लॅपटॉपमधलं कमीच असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग मी विचारलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडात काय होतं?

सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा," त्या म्हणाल्या. "आणि तो वाळा मी मांडीवर जपत आणला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा संताप दुप्पट झाला. लॅपटॉप परत तरी कुणाच्या हाती पाठवायचा? आणि खरं सांगायचं तर राग दुकानदारापाशी थांबत नव्हता. उचलून नेता यावं म्हणून त्या कार्डाची ताकद छाटली होती. माझंही तेच झालं होतं. पदवी तीच, पण हलवायला सोपी म्हणून दर सहा महिन्यांनी मला उचलायचं आणि दुसऱ्या गावात ठेवायचं. हे कुणी तळाशी बारीक अक्षरांतसुद्धा लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात नवरा खुशीत घरी आला. जानेवारीपासून बदली नास गावाला, डब्लिनच्या जवळ, सगळं ग्रँड होणार. कागद घेऊन गाडीत काय काय बसेल त्याची यादी करायला बसला. पहिल्या ओळीवर त्याने स्वतःच्या पुस्तकांचे खोके लिहिले.

मी कागद ओढून घेतला. ते खोडून तिथे डेस्कटॉप लिहिलं.

"अगं, पण आपल्याकडे डेस्कटॉप कुठे आहे?"

"शनिवारी आणतेय," मी म्हटलं. "तो आधी गाडीत जाईल. उरलेल्या जागेत तुझी पुस्तकं बसव."