दहाची यादी

मार्च महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेअकरा. जमा रक्कम ३९,२०० रुपये — एकोणपन्नास घरांचे प्रत्येकी आठशे. हजर चौघे: मी, माझी पत्नी मेधा, पेणचे म्हात्रेकाका आणि खारघरची श्रुती. ठिकाण जुन्या पनवेलमधला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. पाचवा माणूस आतल्या खोलीत पलंगावर होता, माझा थोरला भाऊ, दादा. त्याला मी तेव्हा हजर धरलं नव्हतं.

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. वाचता वाचता बहुतेकांचं उत्तरही काढतो... झोप अपुरी असेल, ऐकीव असेल, तारीख चुकली असेल. मी तळोज्याच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय. वहीतला आकडा आणि रॅकवरचा आकडा जुळला नाही तर कुणीतरी चूक केलेली असते, आणि शोधली की ती सापडते, एवढंच मी आजवर मानत आलो. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं, असं मेधा पाहुण्यांना सांगायची. खालचा हिशोब मात्र मला जुळवता आलेला नाही. वेळा फोनमधून आणि वहीतून घेतल्या आहेत, आठवणीतून नाही.

दादाला पक्षाघात झाल्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चालतो आणि कळतं सगळं. तो अविवाहित, म्हणून आमच्याकडे. ज्यांच्या घरी असा माणूस अंथरुणावर आहे अशा लोकांचा इंटरनेटवर एक फोरम आहे — रायगड, ठाणे, थोडे पुण्याचे. बावन्न घरं. पाठीला जखम झाली तर काय लावायचं, नाकातली नळी कोण बदलून देतं, एअर बेड कुठे भाड्यानं मिळतो, असं सगळं तिथे विचारलं जातं. आणि एक रीत आहे. रोज सकाळी दहाच्या आत प्रत्येक घरानं ‘हजर’ एवढा एक शब्द लिहायचा. ज्या घराचा आला नाही त्या घरी फोन करायचा. चौकशीचा नाही, नुसता आवाज ऐकायचा. या रीतीमुळे दोनदा दार फोडून माणसं वाचवली आहेत.

हे सगळं एका परदेशी कंपनीच्या फुकट सेवेवर चालत होतं. फेब्रुवारीत कंपनीनं कळवलं की साठ दिवसांत सेवा बंद. म्हणून ती रविवारची बैठक.

श्रुती सॉफ्टवेअरमध्ये आहे, आई अंथरुणावर असल्यानं घरूनच काम करते. तिनं दोन रस्ते सांगितले — दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याची जागा घ्या किंवा स्वतःचा सर्व्हर घरात ठेवा. भाडं तसं स्वस्त पडत होतं. पण फोरमवर लोकांनी जखमांचे फोटो टाकलेले असतात, आईचे, बायकोचे. म्हात्रेकाका म्हणाले, "आपल्या घरातला मानूस उघडा करून परक्याच्या वखारीत ठेवायचा नाय. मशीन आपल्यातल्याच कुनाच्या घरात असाया पायजे." ते मिठागरवाल्यांतले, पंधरा वर्षं बायकोचं करतायत. त्यांच्यापुढे कुणी वाद घातला नाही.

आमच्या घरी दोन इंटरनेट लाइन होत्या, इन्व्हर्टर होता आणि चोवीस तास कुणीतरी घरात असायचं. म्हणून आमचं घर ठरलं. एक वापरलेला छोटा कॉम्प्युटर, दोन डिस्क, दोन वर्षांचं डोमेन नाव — ३३,६०० गेले, बाकी नेटच्या बिलासाठी ठेवले. श्रुतीनं दोन शनिवार-रविवार आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून सगळं उभं केलं. जुन्या साडेचार लाख नोंदी एकेक करून उतरवल्या नाहीत, पण तेवढाच वेळ लागल्यासारखं वाटलं. त्याची रोजची एक प्रत रात्री आपोआप तिच्या खारघरच्या घरी जायची. मशीन टीव्हीखालच्या कप्प्यात बसलं. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, एक हिरवा दिवा आणि बारीक घरघर.

"घरात एक पेशंट होता, आता दोन झाले," मेधा म्हणाली. "याला निदान पेज लागत नाही."

पहिल्याच आठवड्यात मिक्सर लावायला तिनं त्याची वायर काढली आणि चटणी वाटून होईपर्यंत सत्तावीस घरांची हजेरी अडकली. त्यानंतर त्या पिनवर मी लाल पट्टी चिकटवली.

एक एप्रिलपासून श्रुतीनं एक सोय केली. बरोबर दहा वाजता मशीन हजेरी तपासणार आणि राहिलेल्या घरांचे क्रमांक माझ्या फोनवर पाठवणार. प्रोग्रॅम जेमतेम चाळीस ओळींचा... बावन्न क्रमांकांतून आलेले वजा करायचे, उरलेले पाठवायचे. फोन मी करायचे, कारण सर्व्हर माझ्या घरात. मी वही घातली. रकाने चार: घर क्रमांक, वेळ, रुग्ण कसा, शेरा.

रोज दोन-तीन घरं राहायची. कुणी विसरलेलं, कुणाचं नेट संपलेलं. मी कामावरून फोन करायचो, टिक करायचो.

जुलैमध्ये एका सकाळी यादीत सतरा नंबर आला, म्हणजे म्हात्रेकाका. फोन केला.

"मी सकालीच टाकला हाय ना," ते म्हणाले. "तुमच्या मशीनला चष्मा लावा, साहेब."

मी फोरम उघडून पाहिलं. सहा बावन्नला त्यांचा ‘हजर’ होता. रुग्ण कसा, विचारलं. ठीक होत्या. वहीत ‘दोष क्रमांक १’ लिहिलं आणि श्रुतीला कळवलं. त्याच दुपारी म्हात्रेकाकूंना फिट आली, पेणच्या दवाखान्यात चार दिवस काढावे लागले. काका त्या दिवशी उरणला लग्नाला जाणार होते. माझ्या फोनमुळे मनात शंका आली म्हणून गेले नाहीत, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी योगायोग म्हटलं. एकदाच घडलं असतं तर अजूनही तेच म्हटलं असतं.

श्रुतीनं त्या दिवसाची हजेरी पुन्हा प्रोग्रॅमला दिली. यादीत सतरा आला नाही. दहाला नोंद होती, वजाबाकी बरोबर होती. तरी मला गेलेल्या मेसेजमध्ये सतरा होता. "काका, मेमरी खराब असेल," ती म्हणाली. अख्खा रविवार मशीनची मेमरी तपासली. एकही चूक निघाली नाही. तरी तिनं मेमरीची पट्टी बदलली, स्वतःच्या पैशानं.

सप्टेंबरमध्ये अडतीस नंबर आला. उरणच्या रझिया आपा, आईचं करतात. त्यांचीही नोंद होती, सात दहाची. फोनवर त्या हसल्या. "अम्मी बिलकुल ठीक आहे, भाईजान. नाश्ता पण केला. तुम्ही नाहक फिक्र करता." वहीत लिहिलं: रुग्ण ठीक. दोष क्रमांक २. त्या दुपारी अम्मी खरंच ठीक होत्या. आपा स्वतः स्वयंपाकघरात साखर उतरून पडल्या. भाचा योगायोगानं डबा न्यायला आला म्हणून निभावलं. हे मला आठ दिवसांनी कळलं. वहीत मी काही बदललं नाही. आपा रुग्ण नव्हत्या, त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

मेधाला सांगितलं तेव्हा ती दादाची कूस बदलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बाईला शुगर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?" मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी त्यांच्याशी बोलत होतो, अम्मीच्या औषधांची नावं मला पाठ होती.

आठ डिसेंबर, सोमवार. कारखान्यात माल मोजणीचा दिवस. घरातून निघण्यापूर्वी सहा एकतीसला आमची हजेरी मीच टाकली होती. दहाला मेसेज आला. दोन आकडे: १, ४४.

एक नंबर म्हणजे आमचं घर.

चव्वेचाळीसवाले खरंच विसरले होते, त्यांना आधी फोन केला. मग रॅकपाशी उभा राहिलो. मी काही घाबरलो वगैरे नाही. नियमाप्रमाणे यादीतल्या प्रत्येक घराला मी फोन करायचा. माझं घर आलं तर कुणी करायचा हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. दहा चारला घरी लावला.

"दादा ठीक आहे ना?"

"हो. पेज घेतली, आता डोळे मिटून पडलेत. का हो?"

"काही नाही. यादीत आपलं घर आलंय."

"मग मी परत देऊ का?" ती म्हणाली. "हजर, सर."

"श्रुतीला सांगतो. ठेवतो."

कॉल अडतीस सेकंदांचा आहे. बोलताना ती मध्येच श्वासासाठी थांबली होती का, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं. सांगता येत नाही. वहीत लिहिलं: घर १, १०.०४, रुग्ण ठीक, दोष क्रमांक ३. आणि मोजणीला लागलो.

बारा वीसला समोरच्या शिंदे वहिनींचा फोन आला. दादाच्या खोलीतून पलंगाच्या लोखंडी दांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. आधी त्यांना वाटलं कुणाकडे काम चाललंय. मग दार ठोठावलं, उघडेना, आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते ती आणून आत गेल्या. मेधा दादाच्या पलंगाशेजारी फरशीवर होती. दादा डाव्या हातानं स्टीलचा पेला दांड्यावर मारत होता. किती वेळ, ते विचारून उपयोग नाही. त्याला सांगता येत नाही.

मी पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार, येण्याआधीच संपलेलं. तिचं वय एक्कावन्न.

शिंदे वहिनींनी तिसऱ्या दिवशी सांगितलं... साडेनऊला मेधा त्यांच्याकडे बाम मागायला आली होती. डावा खांदा आणि जबडा दुखत होता. भाऊजींची कूस बदलताना लचकलं असेल, म्हणाली. म्हणजे मी फोन केला तेव्हा ती बाम लावून बसली असणार. तिला मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं का? बहुधा नसतं. पण मी विचारलं नाही, हे नक्की आहे.

तेरावं झाल्यावर श्रुती आली. टीव्हीसमोर बसून तिनं आठ डिसेंबरची हजेरी प्रोग्रॅमला दिली. उत्तर आलं: ४४. फक्त ४४. तिनं ते सहा वेळा केलं. मी माझ्या फोनमधला मेसेज पुढे धरला. त्यात १ होता. मशीननं पाठवलेल्या मेसेजची स्वतःची जी नोंद ठेवली होती, तिच्यातही १ होता. तिनं दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाली, "काका, दोनशे बावन्न दिवसांत तीन वेळा. चुकायचं असतं तर इतर कधीतरीही चुकलं असतं ना?"

मी तेही तपासलं होतं. नोंद असून यादीत आलेली घरं एकूण तीन, आणि तिन्ही घरी त्याच दुपारी काहीतरी झालं. उलट — नोंद असून घरी काही झालं आणि यादीत नाव आलं नाही — अशी घरं नऊ. म्हणजे ते सगळ्यांचं सांगत नव्हतं. तीनच का, हीच का, काही नियम निघत नाही. श्रुतीच्या ओळखीच्या दोन जाणकारांनी प्रोग्रॅम वाचला. दोघांनी बरोबर आहे म्हटलं.

मला मशीन बंद करायचं होतं. त्याचा राग नव्हता, नुसती ती घरघर नको होती. म्हात्रेकाका पेणहून एसटीनं आले, दादापाशी अर्धा तास बसले. मग बाहेर येऊन म्हणाले, "बंद करा पायजे तर. पन मंग दहाला आमाला कोन इचारनार?" मी श्रुतीला बोलावून घेतलं. आम्ही तिघांनी मिळून मशीन टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि रिक्षानं खारघरला श्रुतीकडे नेलं. आता यादी तिच्याकडे जाते. फोन आम्ही दोघं वाटून करतो आणि माझं घर आलं तर ती करते. नवीन वहीत पाच रकाने आहेत. सांभाळणारा कसा, हा आता रुग्णाच्या आधी. लोक सुरुवातीला गडबडतात. "मी? मला काय झालंय?" असं म्हणतात. मी पुन्हा विचारतो.

तेव्हापासून नोंद असलेलं घर यादीत आलेलं नाही. का आलं होतं ते मला माहीत नाही. यावर कुणी काही सांगू शकत असेल तर ऐकेन. प्रोग्रॅमच्या चाळीस ओळी मी द्यायला तयार आहे.

दादाकडे आता सुनंदाबाई येतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. कूस बदलणं, अंग पुसणं, पेज, औषधं. रात्रीचं मी करतो. महिनाभरानं मी त्यांना अठरा हजार रुपये रोख दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि रविवारची सुट्टी लागेल म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं. हेच काम आमच्या घरात सहा वर्षं आठ महिने, रविवार धरून, चाललेलं होतं. त्याचा दर मला त्या दिवशी कळला.